न बघता सांगा

सन २०१८च्या डिसेंबरात, ऐन थंडीत, आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष भाऊसाहेब राजोपाध्ये यांनी मला चिटणीसपदावरून दूर करण्याचा ठराव सभेपुढे मांडला. मी सभांच्या तारखा आणि कामे मोबाईलमध्ये नोंदवते, हा माझा अपराध.

“ज्यांना यंत्राशिवाय काही आठवत नाही, त्यांनी आता घरी बसावे!”

माझी बावीस वर्षांची सेवा पणाला लागली. तोच पहिल्या रांगेतून त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई उठल्या.

“अहो, माझा मोबाईल नंबर सांगा पाहू. अकरा वर्षे तोच आहे.”

भाऊसाहेबांचा हात खिशाकडे गेला.

“अंहं! न बघता.”

सभागृह हास्याने दुमदुमले. भाऊसाहेबांनी ठराव मुकाट्याने मागे घेतला. कुमुदिनीबाईंची मी जन्माची ऋणी झाले, तो दिवस रविवार, २३ डिसेंबर.