बलवडी परत घ्यावी

एक होतं रान. तिथला राजा धोंडेराव, जातीने रानगवा. त्याला एक दिवस अचानक पिल्लांची फार काळजी वाटू लागली, कारण निवडणूक जवळ आली होती. शाळेतल्या प्रत्येक पिल्लाला दाणे-गुळाची 'बलवडी' फुकट मिळेल, असं त्याने जाहीर केलं. वड्यांचा कारखाना प्रधान वराहरावांचा होता. वराहराव रानडुक्कर असूनही राजाचे मेहुणे होते. सत्तेत अशी नाती जुळतात.

वेष्टनावर राजाचा हसरा चेहरा होता. शिंगं मावेनात, म्हणून चेहरा पार कडेपर्यंत गेला. वडी कधी केली आणि कधीपर्यंत खावी, हे छापायला जागाच उरली नाही.

सरूबाई शेकरूच्या लेकीने, चिमीने, अर्धी वडी खाल्ली आणि पोट धरून ती फांदीवर आडवी झाली. सरूबाईने उरलेली अर्धी फोडून पाहिली. आत हिरवी बुरशी. ती तशीच दरबारात गेली.

"महाराज, शाळेतल्या सगळ्या वड्या परत घ्या. माझी पोर आडवी पडलीय."

"ती बुरशी नव्हे बाई, हिरवाई," वराहराव म्हणाले. "आमचं धोरणच आहे तसं."

पण मागोमाग इतर आयाही यायला लागल्या. मग राजाने दवंडी पिटवली, 'बलवडी परत घ्यावी.' कुणी घ्यावी, हे सांगायचं राहिलं.

रानाने आजवर सरकारकडून फक्त 'घ्या' एवढंच ऐकलं होतं. रांगा लागल्या. ज्यांनी एकदा घेतली होती ते परत घ्यायला आले. ज्यांना मुळात मिळालीच नव्हती, तेही परत घ्यायला आले. दुपारपर्यंत अर्धं रान पोट धरून बसलं. प्रतिसाद उदंड आहे, असं वराहरावांनी कळवलं.

"अहो महाराज, परत म्हणजे पुन्हा नव्हे, माघारी," सरूबाई कळवळून म्हणाली.

"मग तसं सांगायचं," राजा म्हणाला आणि त्याने हुकूम सुधारला, 'बलवडी परत करावी.'

हा हुकूम सगळ्यांत आधी कारखान्यात पोचला. कारखान्याने ती परत केली. भट्ट्या पेटल्या आणि त्याच बुरसटलेल्या दाण्यांच्या ताज्या वड्या थापल्या गेल्या.

"सरळ 'खाऊ नका' म्हणा ना," सरूबाई म्हणाली.

"'नका' हा विरोधकांचा शब्द आहे," वराहराव म्हणाले.

सरूबाईचं डोकं फिरलं. ती शाळेच्या दारातच जाऊन बसली आणि येणाऱ्या प्रत्येक आईला सांगू लागली, "ताई, वेष्टनावर तारीख शोधा. नाहीये ना? मग पोराला देऊ नका. फेकूही नका, दुसरं कुणी उचलून खाईल. राजवाड्यावर नेऊन द्या."

संध्याकाळपर्यंत राजवाड्यासमोर वड्यांचा ढीग लागला. राजा सज्जात आला. खाली सगळीकडे त्याचाच चेहरा. त्याला अगदी भरून आलं.

"केवढं हे प्रेम," तो म्हणाला, आणि प्रेमाचा मान राखायला त्याने दोन-चार वड्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी हुकूम अगदी सोप्या मराठीत निघाला, 'खाऊ नका.' कारखान्याला टाळं लागलं. चिमी पुन्हा फांद्यांवरून उड्या मारू लागली, आणि सरूबाईला हायसं वाटलं.

आता दुसऱ्या कारखान्याची वडी येते. सरूबाईने हट्टाने तिच्यावर तारीख छापून घेतली. चेहरा मात्र राजाने काढू दिला नाही, म्हणून तारीख त्याच्या हनुवटीखाली आली, 'या तारखेनंतर चालणार नाही.' रानात सगळे ती आवर्जून वाचतात. मतदानही त्याच सुमारास आहे.