बहात्तर तारा

कोल्हापुरातल्या जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या क्लबात लोकप्रियतेचा पहिला नंबर दरवर्षी अध्यक्ष रावसाहेब इंगवल्यांच्या लाल गाडीचा ठरलेला. यंदा मात्र शशिकलाताई पोतनिसांची इवलीशी हिरवी गाडी आली, सगळी गर्दी तिच्याभोवती जमली आणि रावसाहेबांच्या पोटात दुखू लागलं.

मतदानाआधी अध्यक्षांनी प्रत्येक गाडीबद्दल बोलायची रीत होती. बाकीच्या गाड्या रावसाहेबांनी एकेका वाक्यात उरकल्या. हिरवीपाशी मात्र ते पाव तास अडले.

"मागच्या चाकाच्या बहात्तर तारांतली एक नवी आहे. सीटखालचा टाका उसवलाय. आरशामागे रंगाचा टवका उडालाय. आणि वर ही लिंबू-मिरची! अहो ताई, असल्या खटाऱ्याला नजर लावणार कोण?"

ताईंनी शांतपणे विचारलं, "रावसाहेब, तुमच्या लाल गाडीच्या चाकाला तारा किती?"

रावसाहेबांनी वळून लाल गाडीच्या चाकांकडे पाहिलं. त्या त्यांनी कधी मोजल्याच नव्हत्या.

"स्वतःच्या ठाऊक नाहीत, माझ्या मात्र तोंडपाठ! म्हणून तर लिंबू-मिरची बांधली."

हशा पिकला. हिरवीसाठी सगळे हात वर गेले. रावसाहेब तेवढे लाल गाडीपाशी उकिडवे बसून तारा मोजत होते.