डाव्या बाजूचा दगड

एका राज्यात एक तळे होते आणि त्या तळ्याला दुसरा काठ नव्हता. म्हणजे असेलही. पाहून आलो म्हणणारे पुष्कळ होते, पण त्यांची धोतरे कोरडी असत.

श्रावणात मासळी गाभोळीने भरलेली असते, पाखरे अंड्यांवर बसलेली असतात. म्हणून त्या महिन्यात भोयांची जाळी खुंटीवर नि शिकाऱ्यांची धनुष्ये माळ्यावर, असा रिवाज. राजा मंदारकेतूने तो मोडला. भर श्रावणात त्याने तळ्यावर बाण सोडला. तत्क्षणी तळ्याचा राखणदार, धूम्राक्ष जादूगार, पाण्यातून उभा राहिला.

"राजा, आजपासून तुझ्या जाळ्यात मासा येणार नाही, रानात हरीण दिसणार नाही. या घडीला जे पाण्यावर आहेत, ते पाखरे होऊन माझ्या बेटावर राहतील. सातव्या वर्षाच्या शेवटच्या सूर्यास्तापर्यंत एकाने तरी आपले माणूस ओळखून नेले, तर सारे सुटतील. नाहीतर कायमचे पाखरू."

त्या घडीला पाण्यावर चाळीस माणसे होती. त्यांत हैबती भोयाची बायको गोजराही. राजाला रिवाजाची आठवण करून द्यायला ती एकटीच वल्हवत गेली होती.

हैबती मागे राहिला. दोघे होडीत शेजारी शेजारी बसत. ती डावीकडे, तो उजवीकडे. सवय मोडेना. एकटा बसला की होडी उजवीकडे कलंडायची. म्हणून त्याने डावीकडे गोजराच्या वजनाचा एक दगड ठेवला. सात वर्षे तो दगडाशेजारी बसून रिकामे जाळे टाकत राहिला. भाकरी एकच थापायचा. तिच्यातलीही अर्धी उरायची.

सातव्या वर्षाचा शेवटचा दिवस उजाडला. हैबतीची होडी तोवर कुजून गेली होती. तो दगड डोक्यावर आणि जाळे नि धनुष्य खांद्यावर घेऊन राजघाटावर गेला. होड्यांचा कारभारी हसून म्हणाला, "या भोईबुवा! पाहुण्यांचे नाव काय?"

"बेटावर जायला होडी दाखवा."

घाटावर तीन होड्या होत्या. पहिली शिसवी, बाणासारखी निमुळती. हैबतीने तिच्यात उभे राहून धनुष्य ओढले आणि तो धपकन पाण्यात गेला. दुसरी चंदनाची, ऐसपैस, वर छत्री. हैबती या कडेवरून त्या कडेवर नाचला तरी ती हलेना. त्याला मोह पडला. गोजराला यातून आणावे, राणीसारखी.

घाटाच्या खांबावर एक खंड्या बसला होता. तो बोलला, "हिला तू बसलास काय नि माशी बसली काय, सारखेच. अशा होडीला काय विचारशील?"

तिसरी होती आंब्याच्या एका खोडातून कोरलेली डोणी. काळी, पोटाला फुगीर. उभे राहिले तर पेलायची, वल्हे मारले तर कुजबुजही नाही. आणि वजन टाकाल तिकडे प्रामाणिकपणे झुकायची. हैबतीने दगड तिच्यात ठेवला. खंड्या वल्ह्यावर येऊन बसला.

तळ्यामध्ये धूम्राक्ष वाट पाहत होता. म्हणाला, "तीन कामे. तळ्यात उरलेला एकच मासा पकड. त्याच्या पोटात बेटाची किल्ली आहे. फाटकाआड धुराचे काळवीट आहे. होडीत उभा राहून त्याच्या दोन शिंगांमधून बाण काढ. मग आपले माणूस घेऊन जा. एकदाच निवडायचे."

मासा म्हशीएवढा होता. डोणी काठोकाठ झुकली, पण बुडाली नाही. किल्ली घेऊन हैबतीने माशाला सोडून दिले, कारण श्रावण होता. फाटक उघडताच काळवीट उधळले. हैबती उभा राहिला, डोणी थांबली, बाण शिंगांमधून गेला, काळवीट विरून गेले.

बेटावर चाळीस बदके, एकसारखी, आणि सगळी एकाच आवाजात म्हणत होती, "मीच गोजरा. मला ने."

हैबतीने दगड उचलून काठावर ठेवला. सात वर्षांत पहिल्यांदा ती जागा रिकामी झाली. त्याला तिकडे बघवेना.

"रूप बदलले तरी वजन माणसाचेच आहे ना?" त्याने विचारले.

"जादूत वजन बदलत नाही," धूम्राक्ष म्हणाला.

मग एकेक बदक डावीकडे येऊन बसू लागले. कोणी बसले की डोणी डावीकडे धसे, कोणी बसले तर उजवीकडेच राही. एकोणचाळीस झाली. चाळिसावे बसले, तर डोणी दोन बोटे डावीकडे झुकली. सूर्य पाण्याला टेकला.

"हीही नव्हे," हैबती पुटपुटला. "आमची होडी समतोल असायची."

"अरे शहाण्या," खंड्या म्हणाला, "ती तेवढीच आहे. तू किती उरलास ते बघ की!"

हैबतीने आपल्या मनगटाकडे पाहिले. त्याची दोरीच झाली होती. तेवढ्यात ते बदक, कोणी न सांगता, दोन बोटे मधल्या बाजूला सरकले. डोणी सरळ झाली. तापातून उठलेला नवरा पहिल्यांदा होडीत बसला की गोजरा अशीच सरकायची.

"हीच," हैबती म्हणाला.

बाकीची बदके काठावर माणसे होऊन डोळे चोळू लागली. धूम्राक्षाने हात जोडले आणि तो धूर झाला. डोणीत गोजरा बसली होती, तोंड वेडेवाकडे करून.

"किती वाळलात हो धनी! जेवत नव्हता वाटतं?"

काठावरच्या दगडाकडे बोट करून हैबती म्हणाला, "त्याला स्वयंपाक येत नव्हता."

तळ्यात मासळी उसळली, रानात हरणे दिसू लागली. राजा मंदारकेतू अनवाणी घाटावर आला आणि त्याने धनुष्य स्वतःच्या हाताने माळ्यावर टाकले. बक्षीस माग म्हणाला, तर हैबतीने डोणी मागितली.

दगड अजून बेटावर आहे. त्याच्यावर खंड्या बसतो. आणि हैबतीची डोणी तळ्यावर निघाली की पाहावी: पहिले वर्षभर गोजरा दोन बोटे सरकून बसे. मग एक बोट. आता मुळीच नाही.