मेव्हण्याचं औषध

खूप मागची गोष्ट. इतकी मागची, की त्या गावाचं नावही आता कुणाला आठवत नाही. तिथे एक तांबट राहायचा. चाळिशी ओलांडलेला, पण हंडा घडवावा तर त्यानंच! गेलं वर्षभर मात्र शेजेला त्याचं शरीर साथ देत नव्हतं. लाजेनं तो बायकोशी बोलेनासा झाला. तिला बिचारीला वाटलं, आपण नवऱ्याच्या मनातून उतरलो.

शेवटी तो वैद्यबुवांकडे गेला. आणि पठ्ठ्यानं सांगितलं काय?

"मला नको हो, माझ्या मेव्हण्याला औषध हवंय. पौरुषाची अडचण आहे. वय पंचवीस, बाकी तब्येत ठणठणीत!"

वैद्यांनी पुड्या दिल्या. पथ्य सांगायला तोंड उघडलं, तोवर स्वारी रस्त्याला लागलीसुद्धा.

एक पुडी झाली, सात झाल्या. गुण काही येईना. एके सकाळी बायको म्हणाली, "अहो, मी माहेरी जाते. तुम्ही दुसरी करा." तांबट तडक वैद्यांकडे धावला.

"बुवा, तुमचं औषध खोटं आहे!"

"असेलही," वैद्य म्हणाले. "पण मला सांग, मेव्हण्यानं पुडी घेतली कधी?"

"तूप-पोळी चापून, पोटभर जेवल्यावर."

"मग?"

"मग डोळे मिटून वाट पाहिली, कधी गुण येतो त्याची."

"अरे, बायकोशी दोन गोड शब्द?"

"ते... नाही."

"बरं. तहान फार लागते? लघवीला सारखं उठावं लागतं? तिथे मुंग्या जमतात?"

"हो! आणि पायही बधिर होतात माझे..." तांबटानं जीभ चावली.

वैद्य खदखदून हसले. "वा रे वा! दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला! हात दे इकडे." त्यांनी नाडी पाहिली. "बाबा रे, तुला मधुमेह दिसतोय. धडधाकट पोराची पुडी तुला कशी पुरेल? त्यात घेतलीस भरल्या पोटी. आणि औषध वाट मोकळी करतं, ओढ आणत नाही. उद्या बायकोला घेऊन ये."

तांबटानं घरी जाऊन बायकोला सगळं सांगून टाकलं. "वर्षभर मी स्वतःला दोष देत होते हो!" म्हणून ती आधी भांडली, मग रडली, मग त्याच्याबरोबर वैद्यांकडे गेली.

मधुमेह आवरायला सहा महिने लागले. पुडी बदलली, वेळ बदलली. त्यानंतर कधी गुण यायचा, कधी नाही. पण न आला तर घर मोडेल, ही भीती दोघांनाही उरली नाही.

वैद्यापासून लपवलेल्या दुखण्याला औषध लागू पडत नाही.