सात कंदील आणि चिमुकला पंजा

फार पूर्वी ढग डोंगरावरून खाली उतरायचे आणि गल्लीतनं फिरायचे, तेव्हाची ही गोष्ट. खोटं वाटत असेल तर इथंच थांबा, मी काही मागं लागणार नाही.

त्या डोंगराखाली एका गावात एक नवराबायको राहायचे. घर मातीचं. भिंत अशी जाडजूड, जशी कुणी बाई पोटभर जेवून टेकून बसलेली. दुपारी तिला पाठ लावली की ऊब लागायची आणि डोळे आपोआप मिटायचे.

दाराशेजारी त्या भिंतीवर दोन चिमुकले पंजे होते. त्यांची लेक सगुणा चार वर्षांची असताना तिनं ओल्या लिंपणात दोन्ही हात थापले होते. आई मारायला धावली, अन् बघतच राहिली. तेव्हापासून दर दिवाळीला आई सगळी भिंत लिंपायची, पण पंजे सोडून. बोटांच्या मधनं मधनं आपलं बोट फिरवायची. अर्धा दिवस त्यातच जायचा. जाऊ दे की, कुणाचं काय जातंय.

सगुणा मोठी झाली, लगीन होऊन सासरी गेली. पहिला दिवाळसण आला. लेक-जावई येणार असा निरोप आला, आणि त्यात लेकीनं सांगून धाडलं, "माझे हात जागेवर आहेत ना, तेवढं बघा."

बाप हरखला. त्यानं कामट्या वाकवून सात कंदील केले, एकेक घागरीएवढा. आत मातीची जड पणती. लोहाराकडनं वीतभर लांब सात खिळे आणले.

बायको म्हणली, "अहो, दरसाल अंगणात वेळू रोवतो, त्यालाच बांधा की."

"वेळूला एक कंदील शोभतो. सात ओळीनं भिंतीवर पाहिजेत. जावई वेशीतनं बघतील."

"भिंत कालच लिंपलीय. ओली आहे."

"मग बरंच की. खिळा लोण्यात गेल्यासारखा जाईल."

शेजारची म्हातारी ओट्यावर सुपारी कातरत होती. तिला दुसऱ्याच्या घरातलं सगळं ऐकू यायचं, फक्त स्वतःला कुणी काम सांगितलं की ऐकू यायचं नाही. ती म्हणली, "लेका, ठोकायच्या आधी भिंतीला विचार तरी. कान लाव, बोलते ती."

बाप हसत हसत आधी हातोडा घेऊन आला, अन् मग कान लावला. आतनं आलं, टक. टक टक.

बाप दोन पावलं मागं सरला. परत कान लावला. टक टक टक. अन् मग खुसखुस. आत जाऊन बघतो तर मागल्या दारानं शिरलेली म्हातारी हातात उलथनं घेऊन भिंतीला टेकलेली, अन् त्याची बायको तोंडात पदर कोंबून हसतेय.

"म्हातारे, वय काय तुझं?"

"मोजायचं सोडून दिलंय. तू भ्यालास का नाही, ते सांग."

बाप रागानं बाहेर आला आणि धडाधड सहा खिळे ठोकले. खरंच लोण्यात गेल्यासारखे गेले. सातवा तेवढा उरला. त्याची जागा उजव्या पंजाच्या अगदी वर होती, तिथं त्याचा हात थबकला. "बघू नंतर," म्हणला.

तीन दिवस कोवळं ऊन पडलं. भिंत सुकली. सुकताना माती अंग आवळते अन् खिळ्याभोवतीची जागा सैल होते. पण बाप कशाला बघतोय. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यानं सहा कंदील टांगले. ढग अंगणात आले होते, कंदील त्यात हळू हळू डोलत होते, जशी सहा मुलं झोपेत झुलतायत. एवढं चांगलं दिसत होतं, की सातव्यावाचून त्याला राहवेना. त्यानं खिळा पंजाच्या वर धरला.

आतनं आलं, टक. टक टक. मग लांब सुस्कारा.

"म्हातारे, पुरे आता," बाप म्हणला. "एकदा फसलो, दोनदा नाही."

परत आलं. टक. जरा मोठ्यानं.

"ठोक तुझं उलथनं, मी माझा खिळा ठोकतो." आणि त्यानं हातोडा मारला.

तेवढ्यात गल्लीतनं हाक आली, "बा, आलो आम्ही." ढगातनं सगुणा पुढं आली, मागं जावई. आणि दोघांच्या मधे, सगुणाचं गाठोडं डोक्यावर घेतलेली, ती म्हातारी.

बापानं म्हातारीकडं बघितलं. मग भिंतीकडं बघितलं. हातोडा हातातनं सुटला.

लिंपण पोपडा सुटावा तसं सुटलं. सातव्या खिळ्यापासून पहिल्यापर्यंत भेग पळाली, मोठा थर खाली आला, बरोबर कंदील आले, अन् उजवा चिमुकला पंजा रांगोळीवर पडून माती झाला.

 जावई म्हणला, "मामा, पायावर पाणी तरी घाला."

बाप खाली बसला. "सगुणे, ती बोलत होती गं. मला वाटलं, ही म्हातारी."

"एवढ्या दिवसांत मी एकदाच खोटं केलं," म्हातारी म्हणली, "तेवढंच तुझ्या ध्यानात राहिलं."

दुसऱ्या सकाळी बापानं स्वतः माती मळली, भिंत भरली, अन् लेकीपुढं उभा राहिला. सगुणानं बांगड्या मागं सारल्या आणि उजवा हात थापला. मोठा उमटला. चार वर्षांचा हात काही परत आला नाही. शेजारी डावा तेवढा चिमुकला राहिला.

म्हातारीनं मान वाकडी करून बघितलं. "आता मायलेकी दिसतायत," ती म्हणली, आणि डोळे पुसायला जरा वेळ लावला.

चार कंदील धड निघाले. ते बापानं अंगणातल्या वेळूला सुतळीनं बांधले. संध्याकाळी ढग आले, वेळू दिसेनासा झाला, नुसते चार उजेड हवेत राहिले. भिंत तिकडं तोंड करून गाढ झोपली.

तात्पर्य: कंदील चार दिवस लागतो, भिंत जन्मभर लागते. म्हणून टांगायच्या आधी तिला कान लावा. आणि आतनं टकटक आलीच, तर म्हातारी कुठं आहे ते आधी बघून या, पण हातोडा खाली ठेवून.