पाथरघळच्या कोरड्या टाक्याचं पाणी

पाथरघळच्या लेण्यांकडे चढताना वाकी नदीच्या डोहापाशी काशिबा भांगरे पाहुण्यांना अडवतात. त्यांच्या हातात तांब्यांची एक चवड असते. "रिकाम्या हातानं वर जायचं नाय. तांब्या भरा आन् मंग चला," एवढंच म्हणतात. बाटलीतलं पाणी दाखवलं तर चिडतात. डोहाचं हे पाणी लेण्यांच्या माथ्यावरच्या फुटक्या टाक्यात ओतायचं असतं. ते का, हे चढ संपेपर्यंत काशिबा सांगतात.

फार पूर्वी हा सगळा डोंगर म्हणजे भिक्खूंचं नगर होतं, असं सांगतात. घाट चढून आलेले व्यापारी तांडे इथे मुक्काम करीत. नगराची सारी तहान माथ्यावर कातळात खोदलेल्या एका टाक्यावर भागे. पावसाळ्यात ते भरे आणि पुढल्या पावसापर्यंत पुरे.

टाक्याखालच्या कड्यात कण्हिल नावाचा पाथरवट बुद्धमूर्ती कोरत होता. पोरक्या कण्हिलला तिथले सर्वांत वडील भिक्खू, स्थविर इसिपाल यांनी लहानाचा मोठा केला होता. आता ते थकले होते, अंथरुणाला खिळले होते. डोळे मिटण्याआधी मूर्तीचा चेहरा पाहावा, ही एकच इच्छा उरली होती. कण्हिलने त्यांना शब्द दिला.

दगडाचा आवाज बदलला की आत भेग किंवा पोकळी आहे असं समजून छिन्नी खाली ठेवायची, हा पाथरवटांचा रिवाज. मूर्तीच्या हनुवटीखाली कोरताना आवाज बदलला. कण्हिलने तो ऐकला. पण पलीकडच्या लेण्यात म्हाताऱ्याचा श्वास लागला होता. त्याने आणखी थोडं कोरलं आणि दगडातून पाण्याची धार सुटली.

ती बुजवायला तो चुना कालवणार, तोच भिक्खूंनी स्थविरांना उचलून तिथे आणलं. त्यांनी चेहरा पाहिला, धार पाहिली.

"पाणी कुठून आलं, बाळा?"

 आज संध्याकाळ काही हे पाहत नाहीत, मग जाताना कशाला जीव दुखवायचा, असं कण्हिलला वाटलं. तो म्हणाला, "डोंगरालाच पाझर फुटला, भंते."

स्थविरांनी हात जोडले. "मग ते अडवू नका. तहानलेल्यांसाठी आलंय."

झालं! शब्द पडला, तो मोडणार कोण? सगळं नगर धारेवर घागरी भरू लागलं. टाक्याकडे कुणी फिरकेना, त्यामुळे आत पाणी किती उतरलं ते कुणाला कळेना. तांड्यांचे बैल त्या ओघळात लोळू लागले. आणि स्थविर? त्यांनी म्हणे त्या पाण्याने उभारीच धरली. रोज मूर्तीसमोर बसून हसत राहायचे. कण्हिल रोज सकाळी खरं सांगायला जायचा, त्यांचं तोंड पाहायचा आणि तसाच परत फिरायचा.  त्यांनी जगावं असंही त्याला वाटे, आणि आता जावं असंही. या दुसऱ्या विचाराने तो स्वतःलाच भ्यायचा.

ऐन वैशाखात धार करंगळीएवढी झाली, मग थेंबाथेंबाने पडू लागली आणि थांबली. स्थविरांनी पुन्हा तेच विचारलं. या वेळी कण्हिल म्हणाला, "टाक्यातलं होतं, भंते."

 स्थविर रागावले नाहीत. त्यांनी मूर्तीकडे पाठ केली आणि दुसऱ्या दिवशी ते गेले.

वाकीचा डोह खालच्या वाडीपुरताच होता. भिक्खू पात्रं घेऊन निघाले, तांड्यांनी वाट बदलली, नगर ओस पडलं. कण्हिल तेवढा मागे राहिला. चुना लावून पाहिला, पण भेग वर टाक्याच्या तळापर्यंत गेली होती. डोहाचं पाणी खांद्यावर वाहून तो टाक्यात ओतत राहिला, केस पिकले तरी. टाकं काही भरलं नाही.

काशिबा इथवरच सांगतात. कण्हिलचं चुकलं का, असं कुणी विचारलं तर म्हणतात, "मला इचारू नका. माझाही बाप अंथरुणात गेला, आन् तू बरा व्हशील असं मी त्याला रोज सांगायचो."

आजही पाहुण्यांपैकी एक जण माथ्यावर जाऊन तांब्या ओततो आणि बाकीचे मूर्तीसमोर थांबतात. थोड्या वेळाने हनुवटीखालून थेंब ओघळतात. खालचे विचारतात, "पाणी कुठून आलं?" आणि वरच्याने खरं तेच सांगायचं, लगेच सांगायचं: "डोहातलं आहे. मी आणलं."