थांबणारा डावा हात

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, ही गोष्ट फार जुनी आहे. किती जुनी म्हणाल, तर तिथल्या राजाचं नाव आता कुणालाच आठवत नाही, आणि गोष्टीला त्याची फारशी गरजही नाही.

त्या राज्यात दोन डोंगरांमधून एक नदी धावत होती. पाणी ओढीचं, खडक अणकुचीदार. नाव घातली की फुटलीच म्हणून समजा. ऐलतीरावर मोठं गाव होतं आणि पैलतीरावर बारा घरांची वाडी. वाडीला जायला दुसरी वाट नव्हती. म्हणून जुन्या लोकांनी वरच्या अंगाला दगडी बंधारा घातला होता. रोज सकाळ-संध्याकाळ बंधाऱ्यावरचा म्हातारा दार पाडायचा, नगाऱ्यावर एक टोला द्यायचा, आणि खालची नदी थोडा वेळ शांत व्हायची. तेवढ्यात पाणजासूद, म्हणजे पाण्यातून निरोप नेणारे, पोहत जायचे-यायचे. त्यांच्या कमरेला कधी औषधाची पुडी असे, कधी बियाणं. तोंडी निरोप तर रोजचेच. दुसऱ्या टोल्याला दार उघडे. त्यानंतर जो पाण्यात असेल, त्याचं काही खरं नसे.

पाणजासूद नेहमी जोडीनं पोहत. एकाच्या पायात गोळा आला तर दुसऱ्यानं सावरावं म्हणून. त्यांची रीत अशी होती, की आपला हात पुढं पडला की तो तसाच लांबवून धरायचा. जोडीदाराचा हात शेजारी पडला की मगच पाणी ओढायचं. त्यामुळे जोडी पुढंमागं होत नसे.

गोष्टीच्या वेळी ही जोडी दोन बहिणींची होती. थोरली पैलवाडीत दिलेली, तिला चार वर्षांची मुलगी. धाकटी ऐलतीरावर एकटी राहायची. थोरली उजवीकडून पोहायची. श्वासासाठी मान वळवली की धाकटीला तिचा चेहरा दिसायचा. दुसऱ्या टोल्याच्या घाईतही ती हसत असायची.

त्या वैशाखात निरोप घेऊन आलेली थोरली ऐलतीरावरच तापानं पडली आणि सातव्या दिवशी गेली. धाकटीनं रिवाजाप्रमाणे काठावर उभं राहून पांढरं लुगडं हलवलं. पलीकडे थोरलीचा नवरा मटकन खाली बसला. शेजारी मुलगी उभी होती. तिला वाटलं, मावशी खेळतेय. तिनंही हात हलवला.

संकटं एकटी येत नाहीत म्हणतात. त्याच महिन्यात बंधाऱ्याला चीर गेली. दार आता जेमतेम निम्मा वेळ पाडून ठेवता येई. राजाचा कारभारी येऊन चीर बघून गेला आणि जाताना सांगून गेला, “अमावास्येपर्यंत कुणी दुसऱ्या टोल्याआधी पलीकडे पोचलं तर ठीक. नाहीतर पाणजासुदी बंद. मला माणसं बुडवायची नाहीत.”

त्याचंही चुकत नव्हतं. गावातल्या पट्टीच्या पोहणाऱ्यांनी ते ऐकून लांबूनच हात जोडले. पण धाकटीचं आपलं म्हणावं असं माणूस जगात एकच उरलं होतं, थोरलीची मुलगी, आणि ते नदीपलीकडे होतं. पाणजासुदी बंद झाली असती तर ते कायमचं तुटलं असतं.

दुसऱ्याच सकाळी तिनं उडी घेतली. लवकर पोचायचं म्हणून हात नुसते गरागरा फिरवले. फेस केवढा उडाला! पण ती मधल्या खडकापाशी असतानाच दुसरा टोला पडला. म्हाताऱ्याला दार उघडवेना. ती मागं फिरून काठाला लागेपर्यंत तो दाराला धरून उभा राहिला, आणि तेवढ्या वेळात चीर बोटभर रुंदावली.

“अगं, ही काय पोहायची तऱ्हा?” म्हातारा कडाडला. “पाण्याला चापट्या मारत होतीस.”

“भरभर जायचं तर हात भरभर नको का मारायला, बाबा?”

“मारायला हवेत की. पण दर हाताला पाणी धर. बोटांपासून कोपरापर्यंत धर, आणि मागं ढकल. नुसता फेस काढायचा तर धुणं धुवायला जा.”

मग तो तिला बंधाऱ्यामागच्या डोहात शिकवू लागला. तो दगडावर बसून काठीनं ठोके द्यायचा आणि दर ठोक्याला तिनं एक हात टाकायचा. पहिल्या दिवशी ठोके तिच्याच चालीचे होते. मग रोज तो चाल जराशीच वाढवी, तांदळाच्या दाण्याएवढी म्हणा ना. तिच्या हातातून पाणी सुटू लागलं की चाल एक पाऊल मागं घेई. छोटी झेप घ्यायची, दम खायचा, पुन्हा झेप. डोहावर त्या दोघांखेरीज कुणी नसायचं. घरी गेल्यावर तर तिच्याशी बोलायलाही कुणी नव्हतं.

आठव्या दिवशी चाल अडली. उजवा हात ठोक्याला पडे, डावा मात्र दर वेळी मागं राही. म्हातारा बराच वेळ बघत राहिला.

“पोरी, डावा हात पुढं गेला की थांबतो.”

“नाही थांबत.”

“थांबतो. आणि दर हाताला मान उजवीकडे वळते. श्वास घ्यायला वळतेस की बघायला?”

ती पाण्यातून निघाली आणि ओल्या लुगड्यानंच घरी गेली. त्याचा तिला फार राग आला होता. खरं बोलणाऱ्याचा येतोच. दोन दिवस ती डोहाकडे फिरकली नाही. नदीकाठी एकटीच बसून राहिली. पलीकडच्या काठावर मुलगी रोज सकाळी येऊन उभी राहायची आणि ऊन चढलं की बाप तिला उचलून न्यायचा.

तिसऱ्या दिवशी धाकटी डोहावर परत आली. म्हातारा काठी घेऊन दगडावर बसला. पाण्यात उतरताना ती हळूच म्हणाली, “ताई, मी पुढं जाते गं.” आणि तिला रडू फुटलं. रडतच तिनं ठोके धरले. मान आता चार हात टाकले की एकदा वळू लागली. डावा हात पुढं पडला, पडताच पाणी धरून मागं निघाला. त्या दिवशी म्हाताऱ्याला चाल दोनदा वाढवावी लागली.

अमावास्येच्या सकाळी काठावर सारं गाव जमलं. पहिला टोला पडला. तिच्या हातांनी फेस फारसा काढला नाही, पण मधला खडक बघता बघता मागं पडला. दुसऱ्या टोल्यासाठी म्हाताऱ्यानं हात उचलला तेव्हा ती पैलतीरावर गुडघाभर पाण्यात उभी होती.

गावानं एकच ओरडा केला. तिनं सवयीनं उजवीकडे पाहिलं. तिथं नुसतं पाणी होतं.

मुलगी धावत आली. मावशीच्या मागं, नदीकडे बघत तिनं विचारलं, “आई मागं राहिली?”

काहीतरी गोड खोटं सांगावं असं मावशीच्या ओठांवर आलं होतं. ते गिळून ती म्हणाली, “हो, बाळा. आई मागं राहिली. ती आता यायची नाही. मी मात्र रोज येईन.”

मुलीनं एकदा पाण्याकडे बघितलं. मग तिनं मावशीचं बोट धरलं आणि दोघी वाडीकडे चालू लागल्या.

पुढं अनेक वर्षं धाकटी एकटीच त्या नदीतून जात-येत राहिली. उजवी बाजू तिला शेवटपर्यंत रिकामी वाटली. पण वाडीला औषध कधी कमी पडलं नाही, आणि पोरगी मावशीच्या मायेत मोठी झाली.

तात्पर्य : गेलेल्या माणसाची वाट मनानं खुशाल पाहावी, पण हातांनी पाहू नये, कारण पलीकडे कुणीतरी आपली वाट पाहत असतं.